'जन्मदोष टाळते' असे छापण्याआधी: अमेरिकेत फॉलिक ॲसिडचा दावा कायद्यात कसा बसवावा

रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेतले तर बाळाच्या मेंदूचे आणि मज्जारज्जूचे काही गंभीर जन्मदोष बऱ्याच प्रमाणात टळतात. पोषणशास्त्रात इतके पक्के निष्कर्ष फार थोडे असतील. तरीही अमेरिकेत विकायच्या बाटलीवर 'जन्मदोष टाळते' असे छापले की आतली गोळी कायद्याने औषध ठरते, आणि तेही मंजुरी न घेतलेले. विधान खरे आहे की खोटे, हा प्रश्न तिथे निघतच नाही. रोग टाळण्यासाठी म्हणून जे विकले जाते ते औषध, अशी संघराज्याच्या अन्न व औषध कायद्याची व्याख्या आहे. विक्रेत्याचा उद्देश काय, हे त्याच्याच शब्दांवरून ठरते.

म्हणून लेबल लिहिणाऱ्याने शब्दांना हात लावण्याआधी एकच प्रश्न सोडवावा: आपला दावा कोणत्या वाटेने जाणार?

वाटा तीन आहेत. पहिली मंजूर आरोग्यदाव्याची. 1990 च्या पोषण लेबल कायद्याखाली अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन (एफडीए) काही पोषक घटक आणि रोग यांच्या जोड्या नियमात लिहून मान्य करते, मात्र त्यासाठी 'लक्षणीय शास्त्रीय एकमत' लागते. फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचेच कृत्रिम रूप) आणि न्यूरल ट्यूब दोष (गर्भाच्या ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात तिचे दोष) ही जोडी तिथे आहे, संघीय नियमसंहितेच्या 21 व्या शीर्षकातल्या कलम 101.79 मध्ये. दुसरी वाट सशर्त दाव्याची: पुरावा तेवढा भक्कम नसेल तर ठरवून दिलेल्या खुलाशासह दावा छापल्यास कारवाई करणार नाही, असे एफडीए पत्राने कळवते. तिसरी रचना-कार्य दाव्याची, म्हणजे शरीराची रचना किंवा काम यांविषयीच्या दाव्याची, 1994 च्या सप्लिमेंट (पूरक आहार) कायद्यातून आलेली. 'पेशींच्या वाढीला फोलेट लागते' अशा धाटणीची वाक्ये तिथे चालतात, रोगाचे नाव मात्र चालत नाही.

जन्मदोषाचा उल्लेख करायचाच असेल तर व्यवहारात पहिलीच वाट खुली आहे. ती चांगली रुंद आहे, पण तिच्या दोन्ही कडांना तारेचे कुंपण आहे.

हे कुंपण आले कुठून

1991 मध्ये ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीचे निकाल आले. आधीच्या एका गर्भारपणात न्यूरल ट्यूब दोष आढळलेल्या स्त्रियांना रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर तो पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. पाठोपाठ हंगेरीतल्या चाचणीत 0.8 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असलेल्या मल्टिव्हिटॅमिनने पहिल्याच वेळचे दोषही कमी होतात असे दिसले. सप्टेंबर 1992 मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने गर्भधारणा होऊ शकणाऱ्या प्रत्येक स्त्रीला रोज 0.4 मिलिग्रॅमची शिफारस केली. लेबलावरच्या दाव्याबाबत एफडीएचे पाऊल मात्र जपून पडत होते, आणि अंतिम नियम मार्च 1996 मध्ये आला.

भीती होती ती ब-12 जीवनसत्त्वाची. शरीरात ब-12 कमी असताना फॉलिक ॲसिड भरपूर घेतले तर रक्तक्षय सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. रक्ततपासणी बरी दिसते आणि रोग लपतो. दिवसाला 1 मिलिग्रॅमची मर्यादा याच भीतीतून आली, आणि दाव्याच्या नियमातल्या बऱ्याच अटींच्या मुळाशी हेच कारण आहे. हे ध्यानात ठेवले तर कोणती अट ताणता येत नाही, हे पाठ करावे लागत नाही.

आधी गोळी तपासा, मग वाक्य

वाक्य बिनचूक असूनही उत्पादनच दाव्याला अपात्र असते, असे बरेचदा होते. चार गोष्टी पाहाव्यात.

फोलेटचे प्रमाण. दाव्यासाठी एका वेळच्या मात्रेत फोलेटचा 'चांगला स्रोत' म्हणण्याइतके, म्हणजे दैनंदिन मूल्याच्या (लेबलासाठी ठरवलेल्या रोजच्या प्रमाणाच्या) किमान 10 टक्के फोलेट लागते. सप्लिमेंटला ही अट सहसा अडत नाही. घोळ होतो तो एककांचा. 2016 च्या लेबल नियमांपासून फोलेट 'आहार-फोलेट समतुल्य' एककात, म्हणजे डीएफईमध्ये लिहावे लागते आणि कंसात फॉलिक ॲसिडचे मायक्रोग्रॅम द्यावे लागतात. 1 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड म्हणजे 1.7 मायक्रोग्रॅम डीएफई. त्यामुळे 400 मायक्रोग्रॅमची गोळी लेबलावर 680 डीएफई दिसते. प्रौढांच्या 400 या मूल्याच्या ते 170 टक्के होते, गर्भवतींच्या 600 च्या सुमारे 113 टक्के. उलट्या बाजूने चूक झाली तर ती महागात पडते. लेबलावर '400 डीएफई' लिहून शिफारशीचा डोस दिला असे मानले, तर गोळीत प्रत्यक्षात सुमारे 235 मायक्रोग्रॅमच फॉलिक ॲसिड असते. नियमाच्या भाषेत दावा शाबूत राहतो, पण स्त्रीला पुरेशी मात्रा मिळत नाही. आणि जाहिरातीत 'शिफारशीइतकी मात्रा' असा शब्द गेला असेल तर ते सरळ खोटे विधान ठरते.

अ आणि ड जीवनसत्त्व. दाव्याचा नियम सांगतो की एका मात्रेत रेटिनॉल किंवा तयार स्वरूपातले अ जीवनसत्त्व अथवा ड जीवनसत्त्व दैनंदिन मूल्याच्या 100 टक्क्यांवर गेले, तर फोलेटचा दावा करता येत नाही. अ चे कारण उघड आहे. तयार स्वरूपातले अ जीवनसत्त्व जादा झाले तर तेच जन्मदोष घडवू शकते, आणि एका हाताने टाळून दुसऱ्या हाताने घडवणारी गोळी कोणालाच नको. बीटा कॅरोटीन या मोजणीत धरत नाहीत, म्हणून सूत्र बसवताना अ जीवनसत्त्व बीटा कॅरोटीनच्या रूपात घेणे सोयीचे. ड चा सापळा मात्र हमखास पाय अडकवतो. त्याचे दैनंदिन मूल्य प्रौढांसाठी 20 मायक्रोग्रॅम, म्हणजे 800 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) आहे, तर बाजारात 1,000 आणि 2,000 आययूची चलती आहे. 2,000 आययू म्हणजे 50 मायक्रोग्रॅम, मूल्याच्या अडीच पट. विपणन विभाग 'जास्त ड' मागतो आणि त्याच बाटलीवर जन्मदोषाचा दावाही मागतो. दोन्ही मिळत नाहीत. हा निर्णय सूत्र गोठवण्याआधीच घ्यावा, लेबल छापायला गेल्यावर नव्हे.

विरघळणे. गोळीने यूएसपीच्या (अमेरिकेच्या औषधमानक संहितेच्या) विघटनाच्या आणि विद्राव्यतेच्या कसोट्या पार केल्या पाहिजेत. लागू पडणारी कसोटी नसेल, तर लेबलवर सांगितल्याप्रमाणे वापरल्यास फोलेट शरीराला मिळते, हे दाखवता आले पाहिजे. लोह आणि कॅल्शियमने जड झालेल्या, घट्ट दाबलेल्या गोळ्यांची ही कसोटी दर बॅचला बघावी.

टिकाव. फॉलिक ॲसिड प्रकाशाला आणि आम्लाला नाजूक असते. बाहेरून घातलेले जीवनसत्त्व मुदत संपेपर्यंत लेबलावरच्या आकड्याच्या 100 टक्के राहावे लागते, म्हणून उत्पादनाच्या वेळी थोडे वाढीव घालतात. किती वाढीव, हे स्थिरता चाचणीवरून ठरवावे, अंदाजाने नाही. वरची मर्यादा 1 मिलिग्रॅमची आहे हे विसरून चालत नाही.

वाक्य कसे बांधावे

सर्वांत सोपा आणि सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे नियमातलाच नमुना जसाच्या तसा उचलणे. त्याचा मराठी आशय असा: 'पुरेसे फोलेट असलेल्या आरोग्यदायी आहारामुळे स्त्रीला मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा जन्मदोष असलेले मूल होण्याचा धोका कमी होऊ शकतो.' लेबलावर अर्थातच इंग्रजी पाठ जाईल, तोही संहितेतून घेतलेला, कोणी नव्याने रचलेला नव्हे. हे वाक्य विक्रीच्या दृष्टीने मिळमिळीत आहे यात शंका नाही. पण त्यातला एकेक शब्द कोणत्या ना कोणत्या अटीची परतफेड करतो.

'कमी होऊ शकतो' या शब्दांत खात्री नाही, शक्यता आहे. 'टाळते', 'रोखते', 'संरक्षण देते' ही क्रियापदे इथे बसत नाहीत. 'मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा' हे शब्दही सुटता कामा नयेत. नुसते 'जन्मदोष' म्हटले की त्यात हृदयाचे दोष, फाटलेला ओठ, सगळेच आले, आणि त्यांच्यासाठी मंजुरी नाही. 'न्यूरल ट्यूब दोष', आणि त्यांतलेच मज्जारज्जूचा 'स्पायना बायफिडा' व मेंदूचा 'ॲनेनसेफली' हे शब्द चालतात. 'आरोग्यदायी आहार' वगळता येत नाही. फोलेट हे एकच कारण आहे असे सुचवता येत नाही, कारण आनुवंशिकता, मधुमेह आणि काही औषधे यांचाही वाटा असतो. 'धोका 70 टक्क्यांनी घटतो' असा आकडा व्यक्तीला लावता येत नाही. सर्व स्त्रियांनी पुरेसे फोलेट घेतले तर देशात किती दोष कमी होतील, याचा नियमात दिलेला 50 टक्क्यांचा अंदाज छापता येतो, पण त्याच्या शेजारीच हा आकडा लोकसंख्येचा आहे, एका स्त्रीला तेवढा लाभ होईलच असे नाही, हे लिहावे लागते. बहुतेकांना शेजारचे वाक्य नको असते. मग आकडाही सोडून द्यावा.

मात्रा दैनंदिन मूल्याच्या 100 टक्क्यांवर असेल तर सुरक्षित वरची मर्यादा, म्हणजे दिवसाला 1,000 मायक्रोग्रॅम, सांगण्याची अट येते. नव्या एककांत 400 मायक्रोग्रॅमची साधी गोळीही 170 टक्के दिसते, तेव्हा ही ओळ घालूनच टाकावी. ओळ जास्तीची असल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आणखी एक अट सहज नजरेतून सुटते: एका स्रोतातली अमुक मात्रा दुसऱ्या स्रोतातल्या कमी मात्रेपेक्षा अधिक परिणामकारक आहे असे म्हणायला मनाई आहे. 'पालेभाज्यांपेक्षा आमची गोळी सरस' हे वाक्य इथेच अडकते.

वेळेचा मुद्दाही आहे, आणि तो नुसता कायद्याचा नाही. न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर साधारण 28 व्या दिवसापर्यंत बंद होते. तोवर अनेक स्त्रियांना दिवस राहिल्याचे कळलेलेही नसते. ज्या बाटलीवर फक्त 'गर्भवतींसाठी' लिहिले आहे, तिचा दावा बरेचदा वेळ टळून गेल्यावर वाचला जातो. नियमाचा भर 'गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रिया' आणि 'प्रजननक्षम वर्षांत रोज' या शब्दांवर आहे. जागा असेल तर हे शब्द घालावेत. सगळ्या पर्यायी वाक्यांतले खरोखर उपयोगाचे वाक्य हेच.

0.8 मिलिग्रॅमचा खटला

सप्लिमेंटचे पुरस्कर्ते डर्क पिअर्सन आणि सँडी शॉ यांनी एका स्रोताची दुसऱ्याशी तुलना करण्यावरच्या याच बंदीवर बोट ठेवले. सप्लिमेंटमधले 0.8 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड सर्वसाधारण अन्नातल्या कमी मात्रेपेक्षा न्यूरल ट्यूब दोषांचा धोका अधिक कमी करते, असे त्यांना लेबलावर छापायचे होते. एफडीएने नकार दिला. जानेवारी 1999 मध्ये कोलंबिया जिल्ह्याच्या संघीय अपील न्यायालयाने पिअर्सन विरुद्ध शलेला (तेव्हाच्या आरोग्यमंत्री) खटल्यात निकाल दिला, न्यायाधीश सिल्बरमन यांच्या लेखणीतून: दावा फसवा ठरण्याची निव्वळ शक्यता असेल आणि खुलासा जोडून ती दूर होत असेल, तर सरसकट बंदी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या हमीत, बसत नाही. एफडीएने 2000 मध्ये पुन्हा नकार दिला, फेब्रुवारी 2001 मध्ये जिल्हा न्यायालयात पुन्हा हार खाल्ली, आणि त्याच वर्षी सशर्त दाव्याची वाट मोकळी केली.

आज हा दावा छापायचा असेल तर त्यालगतच एफडीए त्याला दुजोरा देत नाही, आणि सार्वजनिक आरोग्य यंत्रणा रोज 0.4 मिलिग्रॅमची शिफारस करतात, या आशयाचा ठरलेला खुलासा जसाच्या तसा लागतो. म्हणजे दाव्याच्या कुशीतच त्याचा प्रतिवाद बसतो. कायद्याच्या इतिहासात या खटल्याचे स्थान मोठे आहे, पण गोळी विकायला हे वाक्य वापरावे असा सल्ला देणे कठीण. 'एफडीए दुजोरा देत नाही' हे वाचून ग्राहक बाटली परत ठेवतो.

रचना-कार्य दाव्याचा खुलासा वाचवत नाही

'या विधानाचे मूल्यमापन एफडीएने केलेले नाही, हे उत्पादन कोणत्याही रोगाचे निदान, उपचार किंवा प्रतिबंध करण्यासाठी नाही' ही परिचित चौकट फक्त रचना-कार्य दाव्यासाठी आहे. 'जन्मदोष टाळते' लिहून खाली तारांकन मारून ही चौकट छापली तर दोष जात नाही. उलट एकाच लेबलावर दोन परस्परविरोधी विधाने उभी राहतात. हीच चूक सर्वांत जास्त वेळा होते.

रचना-कार्य वाटेने जायचे असेल तर 'फोलेट पेशींच्या विभाजनाला मदत करते' इथपर्यंत थांबावे. चौकट ठळक अक्षरांत, अक्षरे किमान 1/16 इंच (सुमारे 1.6 मिलिमीटर) उंचीची, दाव्यालगत किंवा दाव्याशी चिन्हाने जोडलेली हवी. माल बाजारात आल्यापासून 30 दिवसांत एफडीएला दाव्याची सूचना द्यावी लागते. गर्भारपणाबद्दल मात्र इथेही सावध राहावे. जानेवारी 2000 च्या अंतिम नियमानंतर महिनाभरातच, त्या नियमाच्या आधारावर गर्भारपणाशी निगडित दावे करू नका, असे एफडीएने उत्पादकांना सांगितले होते. आणि 'बाळाच्या मणक्याच्या निरोगी घडणीसाठी' अशा वळशाच्या शब्दांत रोगाचे नाव नसले तरी रोखठोक सूचन असते. चित्रे, बोधचिन्हे आणि उत्पादनाचे नाव यांतूनही दावा केला असे धरले जाते.

'मेडिकल फूड' (डॉक्टरांच्या देखरेखीखाली विशिष्ट आजारासाठी घ्यायचे अन्न) म्हणून विकण्याची पळवाटही बंद आहे. गर्भारपण हा त्या वर्गात बसणारा आजार नाही, असे एफडीएचे स्पष्ट मत आहे.

मिथाइलफोलेट, पत्रके आणि वेबसाइट

'नैसर्गिक, सक्रिय फोलेट' म्हणून मिथाइलफोलेट (फोलेटचे आणखी एक रूप) विकणाऱ्यांनी विशेष जपावे. न्यूरल ट्यूब दोष कमी झाल्याचे चाचण्यांत दिसले ते फॉलिक ॲसिडमुळे. असे दोष टाळायला मदत करते हे सिद्ध झालेला फोलेटचा हा एकच प्रकार आहे, असे सीडीसी (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) स्पष्टपणे सांगते. फोलेटच्या वापराशी संबंधित एमटीएचएफआर जनुकात फरक असलेल्यांचे शरीरही फॉलिक ॲसिड वापरू शकते, हेही तिने सांगितले आहे. तेव्हा 'तुमच्या जनुकांना फॉलिक ॲसिड चालत नाही' ही जाहिरात पुराव्याअभावी कोसळते.

शास्त्रीय लेख वाटायचा असेल तर 1994 च्या कायद्यात सवलत आहे, पण तिच्या अटी काटेकोर आहेत. लेख संपूर्ण छापलेला हवा, दिशाभूल करणारा नको, विशिष्ट ब्रँडची भलामण करणारा नको, उपलब्ध माहितीचे संतुलित चित्र देणारा हवा. दुकानात तो बाटल्यांपासून वेगळा ठेवावा, आणि त्यावर कंपनीचे स्टिकर चिकटवू नये. एक स्टिकर लावला की लेखाचे लेबल होते आणि वरचे सगळे नियम लागू होतात. सीडीसीची शिफारस उद्धृत करून आपल्या गोळीच्या छायाचित्राशेजारी लावणे म्हणजेही आरोग्यदावाच, बोलणारी सरकारी संस्था असली तरी.

विक्रीच्या वेबसाइटवरचा मजकूर एफडीए लेबलच्या बरोबरीने वाचते. ग्राहकाने लिहिलेला 'या गोळीमुळे माझे बाळ वाचले' हा अभिप्राय कंपनीने पुढे पाठवला, निवडून वर ठेवला किंवा त्याला पसंती दिली, तर तो कंपनीचाच दावा समजला जाऊ शकतो. अभिप्राय दाखवायचेच असतील तर चव, गोळीचा आकार, पोच यांवरचे दाखवावेत.

जाहिरातीवर नजर एफटीसीची, म्हणजे संघीय व्यापार आयोगाची. तिथे आगाऊ मंजुरी नसते, पण जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी 'सक्षम व विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा' हातात असावा लागतो, आणि डिसेंबर 2022 च्या मार्गदर्शिकेनुसार आरोग्याच्या दाव्याला सहसा मानवी यादृच्छिक चाचण्या लागतात. फॉलिक ॲसिडजवळ त्या आहेत. तुमच्या खास मिश्रणाजवळ बहुधा नाहीत. कंपनीसोबत जाहिरात संस्थेवरही कारवाई होऊ शकते.

बाटलीच्या मागची बाजू

गोळीत लोह असेल तर सहा वर्षांखालील मुलांच्या अपघाती विषबाधेचा ठरलेला इशारा चौकटीत छापावा लागतो. कॅलिफोर्नियात विक्री असेल तर तिथल्या प्रॉपोझिशन 65 ची, म्हणजे घातक रसायनांबद्दल इशारा बंधनकारक करणाऱ्या कायद्याची, मर्यादा बघावी. प्रजननाला अपाय म्हणून शिशाची मर्यादा तिथे दिवसाला फक्त 0.5 मायक्रोग्रॅम आहे, आणि खनिज कॅल्शियमच्या कच्च्या मालातून तेवढे शिसे सहज येते. ती ओलांडली तर इशारा द्यावा लागतो, आणि इशाऱ्यात शब्द असतात 'जन्मदोष'. पुढे जन्मदोषाचा धोका कमी करणारी गोळी, मागे जन्मदोषाचा इशारा. यावर उतारा शब्दांत नाही, कच्च्या मालाच्या खरेदीत आहे: प्रत्येक लॉटचा शिशाचा अहवाल मागवावा आणि दिवसाच्या पूर्ण मात्रेवर बेरीज करावी.

लेबलावर तक्रारीसाठी अमेरिकेतला पत्ता किंवा फोन क्रमांक बंधनकारक आहे. तिथे आलेल्या गंभीर दुष्परिणामाची नोंद 15 कामकाजी दिवसांत एफडीएला कळवावी लागते, आणि कायद्याच्या व्याख्येत 'गंभीर' या शब्दात जन्मजात व्यंगही येते. त्यामुळे फोन उचलणाऱ्या माणसाला हे आधीच शिकवून ठेवावे: गोळी घेणाऱ्या आईने बाळाला दोष असल्याचे कळवले, तर कारण गोळी आहे की नाही हे ठरवत बसायचे नाही. तारीख, बॅच क्रमांक, मात्रा लिहून घ्यायची आणि दिवस मोजायला सुरुवात करायची.